वर्गणी, पहारा आणि परतीचं तिकीट

शिडाच्या खाजगी बोटीवर लांबच्या प्रवासाला सोबती घ्यायचे तर खर्च कसा वाटावा, हा विषय गेल्या अंकात मी ओझरता काढला होता. त्यावर एकच वाक्य लिहिलं होतं : बोटीचा खर्च मालकाचा, प्रवासाचा खर्च सगळ्यांचा. त्या वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देते आहे. मी अकरा वर्षं दुसऱ्यांच्या बोटींवर क्रू म्हणून फिरले. त्यानंतरची चौदा वर्षं स्वतःच्या ३८ फुटी बोटीवर लोकांना सोबत घेते आहे. वर्गणी दिलीही आहे, घेतलीही आहे, आणि चुका दोन्हीकडून केल्या आहेत.

प्रश्न : आमची बारा मीटर लांबीची बोट आहे. मी आणि पत्नी येत्या हिवाळ्यात कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला जायचं म्हणतो. दोघांनाच झेपणार नाही म्हणून दोन माणसं घ्यायची आहेत. माझं म्हणणं, शिध्याबरोबर बोटीच्या झिजेचाही काही भाग त्यांच्याकडून घ्यावा. महासागर ओलांडताना शिडं, दोर, सगळंच झिजतं. पत्नी म्हणते, माणसाकडून काम करून घ्यायचं आणि वर पैसेही घ्यायचे हे बरं दिसत नाही, काहीच घेऊ नये. तुम्ही काय कराल? — एक बोटमालक

उत्तर : तुम्हा दोघांच्या मधला रस्ता घेईन, पण पत्नीच्या बाजूला जास्त झुकून.

काहीच न घेण्याचा प्रयोग मी दोन प्रवासांत केला. दोन्ही वेळा मन मोठं ठेवायचं ठरवलं होतं. आणि दहाव्या दिवशी मी काय करत होते, तर एका सोबत्याने गोड्या पाण्याने किती वेळा हात धुतले ते मोजत होते. वहीत हिशेब नसला की तो मनात सुरू होतो, आणि मनातला हिशेब कधीच जुळत नाही. समोरच्या माणसाचंही अवघड होतं. फुकट आलोय, मग तक्रार कशी करायची, म्हणून तो गप्प बसतो. एकाने कोपरापर्यंत सुजलेला हात तीन दिवस बाहीत लपवला होता. ‘तुम्ही इतकं करताय, आणखी त्रास कशाला,’ म्हणाला. बोटीवर दुखणं लपवणारा माणूस सगळ्यांनाच धोक्यात घालतो. पण त्याला ते लपवावंसं वाटलं, यात माझ्या मोठ्या मनाचा वाटा होता.

आता झिजेबद्दल. मी तिशीत असताना एका बोटीवर होते. सहाव्या दिवशी बॅटऱ्या बसल्या. बंदरात नव्या घेतल्या आणि मालकाने त्याची रक्कम चौघांत विभागली. मी मुकाट्याने दिली. पुढच्या बंदरात उतरताना त्या बॅटऱ्या अर्थातच बोटीतच राहिल्या, आणखी कित्येक वर्षं त्याच्या दिव्यांना वीज द्यायला. त्या दिवशी मला हे पक्कं कळलं : जी वस्तू माझ्या उतरण्यानंतर बोटीत राहते, ती माझी वर्गणी नाही. शीड, दोर, विमा, रंग, जीवनतराफ्याची तपासणी, इंजिनाचं तेल, डोलकाठीच्या तारा, हे सगळं तुमचं. तुम्ही ही बोट तशीही ठेवणारच होता.

शिधा, पिण्याचं पाणी, स्वयंपाकाचा गॅस, प्रवासात जळालेलं डिझेल, धक्क्यावरच्या रात्रींची फी, देशात शिरताना आणि निघताना भरायचं बोटीचं शुल्क, हे सगळ्यांचं. व्हिसा, औषधं, स्वतःचा विमा, येण्याजाण्याची तिकिटं, हे ज्याचं त्याचं.

वाटणी माणसांवर करा. तुम्ही पती-पत्नी मिळून एक वाटा धरायचा आणि उरलेल्या दोघांचे दोन, असं करणारे मालक मी पाहिले आहेत. जेवणारी तोंडं चार असतील तर वाटे चारच. बोट म्हणजे पाचवा माणूस नव्हे. तिच्या नावाने वाटा काढू नका.

डिझेलचं गणित आधीच मोकळेपणाने सांगा, कारण सगळ्यात जास्त धुसफूस तिथे होते. निघताना टाकी काठोकाठ भरायची, इंजिनाच्या तासांचा आकडा वहीत लिहायचा, पोहोचल्यावर पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं आत गेलं तेवढं जळलं. तुमच्या आकाराच्या बोटीचं इंजिन मध्यम वेगात तासाला साधारण दोन ते तीन लिटर पितं. वारा पडला की कुणाला इंजिन लावून पुढे सरकायचं असतं, कुणाला वाट पाहायची असते. इंजिन कधी लावायचं हे कप्तान ठरवणार, पण खर्च चौघांचा. मग निघण्याआधी एक मर्यादा ठरवून टाका : बोटीचा वेग अमुक नॉटच्या (म्हणजे तासाला तितक्या सागरी मैलांच्या) खाली इतके तास राहिला तरच इंजिन. माझी मर्यादा दोन नॉट आणि सहा तास अशी आहे. बॅटऱ्या भरण्यासाठी लावलेलं इंजिन मात्र सगळ्यांच्याच दिव्यांसाठी असतं, त्यावर वाद नको.

खरी चिकट जागा म्हणजे थांबणं. हवामानासाठी आठ दिवस धक्क्यावर बसलात तर त्या रात्रींची फी कुणाची? मी अशी फोड करते : सगळे बोटीवर आले, बोट तयार आहे, फक्त वारा नाही, तर फी सगळ्यांची. बोटीचं काही दुरुस्त व्हायचं आहे म्हणून थांबलो, तर फी माझी आणि त्या दिवसांचा शिधाही माझा. दुसऱ्या भागावर माझे काही मालक मित्र नाराज होतात. पण सुकाणूचं बेअरिंग बदलायला तुम्ही अकरा दिवस घेतलेत, तर त्या अकरा दिवसांत समोरच्याची सुट्टी संपत चाललेली असते.

मोडतोड? पहाऱ्यावरच्या माणसाच्या हातून पुढचं शीड फाटलं तर ते तुमचं. ज्याच्या हाती तुम्ही सुकाणू दिलं, त्याच्या चुकांची जोखीम तुम्ही देतानाच घेतली. पैसे भरावे लागतील या भीतीने लोक रात्री शीड आवळायला हात लावत नाहीत, आणि वेळेवर रीफ न घेणं, म्हणजे वारा वाढल्यावर शीड लहान न करणं, हे शीड फाटण्यापेक्षा कितीतरी महागात पडतं.

पैसे ठेवायला झाकणाचा एक डबा घ्या. चौघांनी सारखी रक्कम टाकायची, सामायिक खर्च त्यातूनच करायचा, पावती डब्यात, नोंद वहीत. डबा रिकामा झाला की पुन्हा सारखी भर. शेवटी उरलं तर चार भाग. आणि डबा व वही मालकाकडे नको, एका सोबत्याकडे द्या. माझ्या बोटीवर हे गेली नऊ वर्षं चालू आहे आणि पैशावरून एकही आवाज चढलेला नाही.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीबद्दल. दोनच माणसं का, हे मोजून ठरवलंय ना? तुमचा जीवनतराफा किती जणांचा आहे ते आधी पाहा. चार जणांच्या तराफ्यावर पाचवा माणूस नाही, कितीही आवडला तरी. मग भर समुद्रात झोपता येईल अशा जागा मोजा. नाळेकडची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची खोली बंदरात मोठी ऐसपैस दिसते. लाटांवर तिथे माणूस गादीवरून उचलला जातो. मधल्या भागातल्या, कापडी आडोसा बांधलेल्या जागाच खऱ्या.

कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधल्या सेंट लुशियापर्यंतचा रस्ता सुमारे २,७०० सागरी मैलांचा आहे. साडेपाच नॉटची सरासरी धरली तर दिवसाला १३२ मैल, म्हणजे वीस दिवसांहून थोडं जास्त. माणशी रोज तीन लिटर पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी धरा : चौघांचं वीस दिवसांचं २४० लिटर, आणि त्याच्या निम्मं आणखी, हात न लावण्याच्या बोलीवर. पाणी गोडं करणारं यंत्र असलं तरी हे पाणी घ्याच. चौघे असाल तर रात्री तीन तास पहारा आणि नऊ तास मोकळे असा सुखाचा क्रम बसतो. दोघंच गेलात तर तीन तास जागायचं, तीन तास झोपायचं, आणि तेही तीन आठवडे. समुद्रावर टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक जहाजाने सदासर्वकाळ डोळ्यांनी आणि कानांनी नीट पहारा ठेवला पाहिजे. छोट्या बोटीला त्यात सूट नाही. वीस नॉटने येणारं मालवाहू जहाज सात मैलांवर दिसलं आणि तुम्ही सहा नॉटने त्याच्याकडेच जात असाल, तर ते सोळा मिनिटांत तुमच्यावर असतं. तुम्ही सोबती घेताय ते या सोळा मिनिटांसाठी. तुमच्या पत्नीला सांगा, की हे काम तो माणूस आपल्यासाठी करतो तितकंच स्वतःच्या जिवासाठीही करतो. त्यामुळे शिध्याचा वाटा घेण्यात संकोच नको. त्याहून जास्त घेण्यात मात्र हवा.

प्रश्न : एका गृहस्थांनी माझ्या बोटीवर तीन आठवडे येण्यासाठी खर्चाच्या वाट्याच्या पाचपट रक्कम देऊ केली आहे. त्यांना फक्त अनुभव हवा आहे, पहाराही करायचा नाही. स्वतःहून देतायत, मग घ्यायला काय हरकत? — स. प.

उत्तर : हरकत अशी की त्या क्षणी ते सोबती राहत नाहीत, प्रवासी होतात, आणि तुमची बोट भाड्याची होते.

ही रेघ कायद्यांत स्पष्ट आहे. ब्रिटनच्या नियमांत खाजगी हौशी बोटीवरच्या माणसांकडून त्या प्रवासात प्रत्यक्ष झालेल्या खर्चाच्या वाट्याखेरीज पैसे घेता येत नाहीत. अमेरिकेच्या कायद्यातही प्रवासाचा खरा खर्च स्वखुशीने वाटून घेणं, किंवा इंधन, अन्न, पेयं अशा वस्तू आणणं, याला मोबदला मानलेलं नाही. त्यापलीकडे गेलं की मोबदला. मग कप्तानाला परवाना लागतो आणि बोटीला व्यवसायाचे नियम लागू होतात. तुमची विमा पॉलिसी काढून पाहा. ‘खाजगी वापरापुरती’ असं त्यात लिहिलेलं असेल, तर या गृहस्थांचा पाय घसरून मांडी मोडली तेव्हा ती पॉलिसी तुमच्या मदतीला येईल अशी आशा धरू नका.

कायदा बाजूला ठेवला तरी मी नाही म्हणेन. पाचपट देणाऱ्याला ठरल्या दिवशी पोहोचायचं असतं, आणि तसं वाटण्याचा त्याला हक्कही असतो. वाऱ्याचा अंदाज वाईट असताना ‘आज निघायचं नाही’ हे त्याच्या तोंडावर म्हणणं तुम्हाला जड जाईल. तो निर्णय पैशाच्या दडपणाखाली घ्यायची वेळ येऊ देऊ नका.

प्रश्न : बोट लागल्यामुळे पहिले सहा दिवस मी जवळजवळ काहीच खाल्लं नाही. तरी मालकिणीने शिध्याची वर्गणी पूर्ण घेतली. हे बरोबर आहे का? — एक वाचक

उत्तर : बरोबर आहे. तुमच्यासाठी शिधा भरला होता, तो तुमच्या नावाचाच होता. पण सहा दिवस म्हणजे फार झाले. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत शमतं. त्या दिवसांत तुमच्या पोटात पाणी राहत होतं का, हे मालकिणीने विचारलं होतं का? गोळी निघायच्या आधी घ्यायची असते, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही, हे सांगितलं होतं का? तुमची तक्रार याबद्दल असती तर मी तुमच्या बाजूने उभी राहिले असते. पुढच्या वेळी निघण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि मालकाला आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : ताई, मी चोवीस वर्षांचा, तुमच्या मुलाच्या वयाचा असेन. पोहता येतं, बाकी बोटीचा काही अनुभव नाही. एका मालकाने मला घ्यायची तयारी दाखवली आहे. तो म्हणतो, दोन महिन्यांची पूर्ण वर्गणी आधी बँकेत भर आणि बोटीवर आल्यावर पासपोर्ट माझ्याकडे दे. जाऊ का?

उत्तर : नको जाऊस, निदान या अटींवर तरी नको.

पासपोर्टचं आधी नीट समजून घे, कारण त्यात थोडं खरंही आहे. परक्या देशाच्या बंदरात शिरल्यावर बोटीवर पिवळा झेंडा चढवतात. प्रवेशाची कामं होईपर्यंत बहुतेक ठिकाणी फक्त कप्तान किनाऱ्यावर उतरतो, आणि त्या वेळी सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्याबरोबर जातात. तेवढ्यापुरता तो देणं रीतीचंच आहे. संध्याकाळी तो परत तुझ्या पिशवीत आला पाहिजे. प्रवासभर तो कुलपात ठेवणारा मालक तुला उतरायची मोकळीक ठेवत नाही.

पैशाचंही तसंच. पहिल्या शिधाखरेदीपुरतं आधी दे, बाकी डब्यात, जसजसा खर्च होईल तसं. दोन महिन्यांचे पैसे त्याच्या खात्यात गेले की दहाव्या दिवशी बोटीचं सुकाणू डुगडुगतंय हे दिसलं तरी तुझा पाय निघणार नाही.

बोट पाहायला गेलास की लाजू नकोस, विचार. तराफ्याची शेवटची तपासणी कधी झाली? प्रत्येकाला जीवनरक्षक जाकीट आणि स्वतःला बोटीशी अडकवून ठेवायचा दोर आहे का? ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन, म्हणजे उपग्रहामार्फत संकटाचा इशारा देणारं यंत्र, या बोटीच्या नावावर नोंदलेला आहे का, आणि किनाऱ्यावर फोन कुणाला जातो? चांगला कप्तान या प्रश्नांनी खूश होतो. पहिल्याच दिवशी रेडिओच्या सोळा नंबरच्या चॅनलवर मदत कशी मागायची आणि बुडत्या माणसाकडे बोट कशी वळवायची, हे त्याने न विचारता शिकवलं पाहिजे. ज्याला हे शिकवायला वेळ नाही, त्याच्याबरोबर जायला तुलाही वेळ नाही असं समज.

अनुभव नाही हे अजिबात लपवू नकोस. नोव्हेंबरात लास पाल्मासच्या धक्क्यांवर पाठीवर पिशवी घेऊन बोटीबोटीशी विचारत फिरणारी तरुण मुलं दर वर्षी दिसतात. त्यांतल्या ज्याने ‘मला काही येत नाही, पण मी रोज रात्री वेळेवर उठेन आणि भांडी घासेन’ असं सांगितलं, त्याला मी घेतलं होतं. आज तो स्वतः बोट चालवतो. एकदम महासागरापासून सुरुवातही नको. पनामा कालव्यातून जाणाऱ्या छोट्या बोटीला, चालवणाऱ्याखेरीज, दोर सांभाळायला चार माणसं ठेवावी लागतात. तिथे एक-दोन दिवसांसाठी हात हवेच असतात. तेवढ्यात तुला दोर, विंच (दोर ओढायचं चाक) आणि कप्तानाचा आवाज, तिन्ही गोष्टी कळतील.

सामानाला मऊ, घडी होणारी पिशवी. कडक बॅग ठेवायला बोटीत जागा नसते. कपाळावर बांधायचा दिवा तांबड्या उजेडाचा घे, म्हणजे रात्री पहाऱ्यावरच्या माणसाचे डोळे दिपणार नाहीत. आणि व्हिसा स्वतः तपास. विमानाने जाताना चालतं ते बोटीने जाताना चालेलच असं नाही. अमेरिकेत व्हिसामाफीच्या योजनेखाली विमानाने उतरणाऱ्यांनाही खाजगी बोटीने यायचं असेल तर रीतसर व्हिसा काढावा लागतो. तिथे अडकलेल्या माणसाचं खापर शेवटी कप्तानावर फुटतं, म्हणून जाणता कप्तान हे तुला आधी विचारेल.

प्रश्न : क्रूकडून परतीच्या तिकिटाचे पैसे आधी ठेवून घेणं मला अविश्वासाचं वाटतं. तुम्ही घेता असं ऐकलं. का? — एक मालक

उत्तर : घेते, आणि का ते सांगते.

स्वतःची बोट घेतल्यावरच्या दुसऱ्या वर्षी मी एका माणसाला दोन बंदरांमधल्या मोठ्या पल्ल्यासाठी घेतलं. हुशार, कामसू. पाचव्या दिवसापासून आमचं बिनसलं. रात्री शीड लहान करायचं की नाही यावरून सुरू झालं आणि नंतर ‘सकाळ झाली’ म्हणण्यावरूनही होऊ लागलं. बंदर आलं तसा तो पिशवी घेऊन उतरला. माझी सुटका झाली असं मला वाटलं. पण दुपारी बंदराच्या इमिग्रेशन खात्यात मला सांगण्यात आलं, की हा माणूस तुमच्या क्रूच्या यादीत आलाय. त्याच्याकडे देशाबाहेर जायचं तिकीट नाही. तो जाईपर्यंत किंवा दुसऱ्या बोटीच्या यादीत चढेपर्यंत जबाबदारी तुमची, आणि तोवर तुम्हालाही निघता येणार नाही. त्याच्याकडे पैसे नव्हते. मी त्याला घेताना हे विचारलंच नव्हतं, तेव्हा चूक माझीच. तिकीट मी काढलं. त्या वर्षी जुनं मोठं शीड बदलायचं होतं, ते ठिगळ लावून आणखी दोन वर्षं वापरलं.

खात्याचं वागणं अजिबात चुकीचं नव्हतं. बऱ्याच देशांत हाच नियम आहे : बोटीने आलेल्या माणसाचा भार कप्तानावर. म्हणून आता येणारा प्रत्येक जण घरी परतण्याच्या तिकिटाइतकी रक्कम बाजूला ठेवतो. लिफाफ्यावर त्याचं नाव, तोंड त्याच्या सहीने बंद, डब्याशेजारी. किंवा हवी तेव्हा तारीख बदलता येणारं तिकीट त्याने दाखवायचं. जाताना लिफाफा न फोडता त्याच्या हाती. तुम्ही अविश्वास म्हणता, पण त्या लिफाफ्याने मला भांडणानंतर हे म्हणण्याची सोय दिली आहे : ‘आपलं जमत नाही, हे तुझे पैसे, सुखाने जा.’ आणि समोरच्यालाही ‘मी उतरतो’ म्हणण्याची. मालक आवडला नाही म्हणून कुणी अडकून राहू नये, याची ती व्यवस्था आहे.

यादीतून नाव काढण्याचं काम मात्र माणूस समोर असताना, खात्यात दोघांनी जाऊन करा. ‘नंतर करू’ म्हणू नका. आणखी एक : येणाऱ्याची पिशवी त्याच्यासमोर एकदा उघडून पाहा. अमली पदार्थ सापडले तर कित्येक देशांत बोट जप्त होते, माल कुणाचाही असो. हे मी पहिल्याच पत्रात कळवते. वाईट वाटणारे तिथेच गळतात.

प्रश्न : मी एकटी बाई, बत्तीस वर्षांची, सहा वर्षं शिडाच्या बोटी चालवते. एका मालकाची जाहिरात आहे : ‘फक्त महिला, खर्चाचा वाटा नाही.’ बोट चांगली दिसते. मला मोह होतोय. — नाव नको

उत्तर : जाऊ नका. सहा वर्षं बोट चालवणाऱ्या व्यक्तीला खर्चात वाटा न मागता बोलावणारा आणि फक्त बाईलाच बोलावणारा मालक कशाची तरी परतफेड धरून बसलेला असण्याची शक्यता मी नजरेआड करणार नाही. तुमचा वाटा द्या आणि बरोबरीने जा. वर्गणी भरलेल्या माणसाला नाही म्हणणं सोपं जातं.

दुसऱ्या कुणाबरोबर जाताना : आधी त्याच बोटीवर राहून गेलेल्या दोघींशी तरी स्वतः फोनवर बोला. मालकाने दिलेल्या नावांपैकी एक आणि तुम्ही शोधलेली एक. ‘पुन्हा जाल का?’ एवढंच विचारा आणि उत्तराआधी किती थांबल्या ते ऐका. झोपायची जागा कुठली, दार लागतं का, शौचालयाला कडी आहे का, हे प्रत्यक्ष पाहा. पहिला पल्ला एका रात्रीचा, किनाऱ्याकिनाऱ्याने, शेवटी उतरता येईल असं बंदर. बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि रेडिओचा एमएमएसआय, म्हणजे बोटीची ओळख पटवणारा नऊ आकडी क्रमांक घरच्या माणसाकडे लिहून ठेवा, आणि तो ठेवलाय हे मालकालाही सहज बोलता बोलता सांगा. स्वतःचा छोटा बीकन जवळ ठेवा. पैसे आणि पासपोर्ट अंगाजवळ.

सत्ताविसाव्या वर्षी मी एकदा पिशवी धक्क्यावर ठेवून, बोटीवर एक पाय टाकून परत फिरले होते. कारण सांगता आलं नव्हतं. मालकाने माझ्याआधी माझ्या पिशवीला हात घातला, एवढंच घडलं होतं. विमानाचे आणि व्हिसाचे पैसे बुडाले. तो निर्णय चुकला असं मला कधी वाटलं नाही. कारण पटवून देता येत नसलं तरी परत फिरता येतं, हे तुमच्यासाठीही लिहून ठेवते.

प्रश्न : मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. नोकरी हिशेबखात्यात गेली. तलावात छोट्या शिडाच्या बोटी वीस वर्षं चालवल्या, महासागर पाहिलेला नाही. रक्तदाबाची एक गोळी रोज घेतो. या वयात मला कुणी सोबत घेईल का, की तरुणांनाच घेतात? — एक निवृत्त वाचक

उत्तर : घेतील. माझ्या बोटीवर आजवर आलेल्यांत सगळ्यात भरवशाचा पहारा एकसष्ट वर्षांच्या बाईंचा होता. पहाटे तीनच्या पाळीला हाक मारायच्या आधी त्या जाकीट घालून पायरीशी बसलेल्या असायच्या.

गोळीबद्दल पहिल्याच पत्रात लिहा आणि दुप्पट दिवसांच्या गोळ्या दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा, एक भिजली तर दुसरी. डॉक्टरांना ‘बोटीवर जातोय’ एवढंच सांगू नका, ‘वीस दिवस दवाखाना नसेल’ असं सांगा. आजारी माणसाला परत आणण्याचा खर्च ज्यात येतो असा विमा काढा. परतीची तारीख मोकळी ठेवा. पोहोचण्याच्या अंदाजानंतर तीनच दिवसांनी कुणाच्या मुलीचं लग्न असेल, तर तो माणूस मी घेत नाही, कारण ते लग्न रोज रात्री माझ्या सुकाणूवर येऊन बसतं.

आणि पत्रात तलावातल्या वीस वर्षांच्याही आधी हे लिहा, की डबा आणि वही मी सांभाळीन. पावत्या तारखेने लावून, दर रविवारी बेरीज सगळ्यांना वाचून दाखवीन. असं पत्र मला आलं असतं तर मी त्याच दिवशी उत्तर दिलं असतं.